बंद करता येणारा स्पर्श

ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे आमच्या सूरच्या घरात गुरुवारची रात्र जरा सैल असते. अशाच एका गुरुवारी तेरा वर्षांचा मुलगा डोळ्यांवर व्हीआरचं यंत्र बांधून हॉलमध्ये कडा चढत होता. कडा त्याला दिसत होता. आम्हाला दिसत होता गालिच्यावर उभा राहून हवेत हात मारणारा पोरगा. हातात कंट्रोलर वगैरे काही नाही. यंत्राच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले कॅमेरे त्याचे हात पाहतात, बोटांची पेरं कुठे आहेत हे ओळखतात आणि तसेच हात त्याला आतल्या चित्रात दाखवतात. याला हँड ट्रॅकिंग म्हणतात. घरगुती यंत्रांत ते २०१९च्या अखेरीस आलं, आता मुलांना त्याचं काही वाटतही नाही.

पंधरा मिनिटांनी यंत्र काढून तो सोफ्यावर बसला आणि कुरकुरला, "आई, दगड दिसतो, पकडता पण येतो, पण हाताला काही लागतच नाही."

मग यथावकाश मागणी आली. हॅप्टिक ग्लोव्हज नावाचे हातमोजे मिळतात, ते घातले की दगड लागतो. किंमत बघितली आणि विषय तेवढ्यापुरता मिटला. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मस्कतमध्ये जन्मलेल्या, सूरमध्ये वाढलेल्या आणि मराठी फक्त घरात बोलणाऱ्या मुलाने नकळत नेमका शब्द वापरला होता. 'लागणं' या एका क्रियापदात आपण किती गोष्टी कोंबल्या आहेत! हाताला भिंत लागते, पायाला ठेच लागते, पोराला माणसाचा लळा लागतो, बोलणं मनाला लागतं. "लागलं का रे?" असं आपण पडलेल्या मुलाला विचारतो, तेव्हा त्याचा अर्थ "दुखापत झाली का?" असाच असतो. स्पर्श होणं आणि इजा होणं यांसाठी शब्द एकच. मला वाटतं, त्या हातमोज्यांचा सगळा प्रश्न या शब्दात आहे.

आधी हातमोज्यांविषयी थोडं. कल्पना नवी नाही. १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्हीपीएल कंपनीने डेटाग्लोव्ह काढला होता; बोट किती वाकलं हे तो संगणकाला सांगायचा. त्याच कल्पनेचं स्वस्त खेळण्यातलं रूप म्हणजे १९८९ साली निन्टेन्डोच्या खेळांसाठी आलेला पॉवर ग्लोव्ह. तो धड चालला नाही. पण हे दोन्ही हातमोजे फक्त हाताचं म्हणणं यंत्राला सांगत. यंत्राचं म्हणणं हाताला सांगायचं काम त्याहून फार कठीण निघालं. तळहात आणि बोटं मिळून एका हाताच्या आतल्या बाजूला स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू आहेत. काही हलका दाब टिपतात, काही कंप, काही कातडीचं ताणलं जाणं. आजचे हातमोजे यांपैकी थोड्यांना फसवतात. साध्या प्रकारात बोटांच्या टोकांशी छोट्या मोटरी थरथरतात. काहींत बोटांना दोऱ्या बांधलेल्या असतात आणि चित्रातली वस्तू मुठीत आली की ब्रेक लागून बोट तिथेच अडतं. एका महागड्या प्रकारात, म्हणजे हॅप्टएक्स कंपनीने २०२२ साली जाहीर केलेल्या जोडीत, बारीक नळ्यांतून हवा सोडून कातडीवर शंभराहून अधिक ठिकाणी बारीक फुगवटे उठवले जातात; हवेचं यंत्र पाठीवर घ्यावं लागतं. त्या जोडीची किंमत तेव्हा सुमारे ५,५०० डॉलर, म्हणजे २,१०० रियाल होती. त्या पैशात आम्ही चौघं भारतात जाऊन येऊ आणि वर उरतीलही.

या सगळ्या हातमोज्यांची एक अडचण मला मोठी बोलकी वाटते. हातमोजा बोटांना अडवू शकतो, पण हाताला अडवू शकत नाही, कारण तो स्वतःच हातावर बसलेला असतो. चित्रातल्या भिंतीवर तळवा टेकवला की बोटांना भिंत कळेल, पण जोर लावला तर हात सरळ भिंतीतून आरपार जाईल. हाताला थांबवायचं तर हातमोजा जमिनीला किंवा छताला जखडलेल्या सांगाड्याशी जोडावा लागेल. घरात खेळणाऱ्या मुलाच्या जगात त्याला थांबवू शकेल अशी एकही वस्तू नाही.

हे मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय, भारीच ना!"

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला खाडीकाठच्या जहाजांच्या कारखान्यात घेऊन गेले. सूरमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा तिथे जातो, आम्ही इथे राहतो म्हणून जात नव्हतो. एकेकाळी आफ्रिकेपासून मलबारपर्यंत फिरणारी लाकडी गलबतं या गावात बांधली जात. १९५१ साली इथेच बांधलेलं फतह अल-खैर हे गंजा जातीचं जहाज आता काठावर जपून ठेवलं आहे. १९८० साली टिम सेव्हरिन यांनी याच गावात सोहार नावाचं जहाज बांधून घेतलं. खिळा न वापरता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून. शिवायला लक्षद्वीपहून माणसं आणली होती. ते जहाज पुढच्या वर्षी चीनला, कँटनला, पोचलं. आता कारखान्यात काम थोडंच चालतं, पण चालतं. त्या दिवशी दोन सुतार होते, दोघेही आपल्याकडचे. एकजण फळीवर रंधा मारायचा, थांबायचा, रंधा बाजूला ठेवून उघडा तळवा फळीवरून सावकाश फिरवायचा आणि पुन्हा रंधा घ्यायचा. इथल्या जुन्या पद्धतीत आधी बाहेरच्या फळ्या जोडतात आणि आतल्या फासळ्या नंतर त्यांना बेतून बसवतात. नकाशा नसतो. वळण बरोबर आलं की नाही हे डोळा आणि तळवा सांगतो.

मुलाने विचारलं, "अंकल, काय चेक करताय?" सुताराने त्याचा हात धरून फळीवर ठेवला. मुलगा म्हणाला, "स्मूथ आहे." सुतार हसला आणि हिंदीत म्हणाला, नाही, अजून एक जागा आहे. पुन्हा हात फिरवून ती जागा त्याने दाखवली. मुलाला ती कळली नाही. मलाही नाही. जाताना मात्र मुलाच्या बोटात बारीक कूस गेली, ती गाडीतल्या दिव्याखाली चिमट्याने काढावी लागली. तेवढं त्याला लागलं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की खरं लाकूड चांगलं आणि खोटा दगड वाईट, एवढंच मला म्हणायचं आहे. तसं नाही. खोटेपणावर माझा आक्षेप नाही, आणि आजच्या हातमोज्यांच्या उणिवांवरही नाही. उणिवा भरून निघतील. आपला मेंदू या बाबतीत फार लवकर पटतो. १९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबरी हात ठेवायचा आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्याच वेळात माणसाला रबरी हातच आपला वाटू लागतो. तेव्हा समजा, वीस वर्षांनी परिपूर्ण हातमोजा आला. दगड खडबडीत लागतो, पाणी गार लागतं, भिंत हाताला अडवते. मग काय उणं राहील?

याचं उत्तर मला माझ्या गावाकडच्या एका गोष्टीत सापडलं.

मी मूळची वरोऱ्याची. बाबा आमट्यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी सुरू केलेलं आनंदवन आमच्या गावाला लागून. लहानपणापासून एक गोष्ट तिथे पाहिलेली आणि ऐकलेली: या आजारात बोटं 'झडतात' असं लोक म्हणतात, ते तसं नसतं. आजार मज्जातंतू मारतो, हाताला लागणं बंद होतं. मग माणूस तापलेलं भांडं उचलतो आणि धरून ठेवतो, काच रुतली तरी चालत राहतो, आणि जखमा बोटं खातात. हे ज्यांनी जगाला पटवून दिलं ते शल्यचिकित्सक पॉल ब्रँड वेल्लोरला काम करायचे. १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी एक हातमोजा बनवायला घेतला. हो, हातमोजाच. बोटांवर दाब मोजणारे संवेदक, आणि दाब धोक्याच्या पातळीवर गेला की कानाशी आवाज. ज्यांच्या हाताला लागत नाही त्यांना यंत्राने सांगायचं की आता लागतंय, सोड.

हातमोजा काम करायचा, माणसं करत नव्हती. आवाज ऐकूनही ती हातातलं काम पुरं करत. आवाजाऐवजी दिवा लावून पाहिला, तोही दुर्लक्षिला. शेवटी काखेत विजेचा झटका देऊन पाहिलं. झटका खरोखर दुखायचा. तरी होत काय होतं, तर एखाद्याला गंजलेला नट सोडवायचा असेल तर तो आधी यंत्र बंद करायचा, नट सोडवायचा आणि मग यंत्र चालू करायचा. ब्रँड यांनी तो प्रकल्प अखेर सोडला. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की ज्याचं बटण आपल्या हातात आहे ते दुखणं आपल्याला वाचवू शकत नाही.

माझ्या मुलाला हवा असलेला हातमोजा आणि ब्रँड यांचा हातमोजा यांच्या दिशा उलट्या आहेत. एक नसलेल्या वस्तूचा स्पर्श देतो, दुसरा असलेल्या वस्तूचा हरवलेला स्पर्श परत देऊ पाहत होता. पण बटण दोन्हींना आहे. आणि खेळासाठी हातमोजे विकणारा कुठलाही शहाणा कारखानदार त्यात इजा घालणार नाही; उलट जोर किती असावा याला मर्यादा घालूनच तो विकेल, आणि त्याने तसंच करायला हवं. म्हणजे मिळणार ते 'लागणं' आपल्या शब्दाचा अर्धाच अर्थ असलेलं. खेळात मुलगा कुणाला ठोसा मारेल तेव्हा हाताला ठोसा कळेल, पण बोटांची हाडं ठणकणार नाहीत. खऱ्या आयुष्यात मारणाऱ्याच्या हातालाही लागतं. ज्या कुणी आपल्या मुलाला एकदा तरी चापट मारली आहे, त्यांना आपल्याच तळव्याची ती झिणझिण माहीत असेल. मला ती माहीत आहे.

स्पर्श ही अशी एकच गोष्ट आहे जी एका बाजूने करता येत नाही. न दिसता पाहता येतं, न बोलता ऐकता येतं, पण स्पर्श न होता स्पर्श करता येत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी आपल्याच उजव्या हाताने डावा हात धरल्याचं उदाहरण घेऊन यावर बरंच लिहिलं. पण आपल्याला त्यांच्याकडे जायची गरज नाही, आपल्या इतिहासात याहून कडवट उदाहरण आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पाणी प्यायले, ते माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणाऱ्या समाजासमोर. गोपाळ गुरू आणि सुंदर सारुक्काई यांचं २०१२ साली आलेलं इंग्रजी पुस्तक आहे, 'द क्रॅक्ड मिरर'. त्यात सारुक्काई अस्पृश्यतेचा विचार स्पर्शाच्या बाजूने करतात. मला त्यातून कळलेली गोष्ट अशी: जो दुसऱ्याला अस्पृश्य म्हणतो त्याने आधी स्वतःला स्पर्शापासून तोडलेलं असतं. सोवळं म्हणजे सगळ्या अंगावर चढवलेला हातमोजाच. मी इथे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसाचे आठ तास निळे हातमोजे घालून. हातमोज्याचं मूळ काम तेच आहे, काही लागू न देणं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

माझी आई वरोऱ्याला असते. वय शहात्तर, मधुमेह तीस वर्षांचा. दोन वर्षांपासून तिच्या तळपायांना लागत नाही. डॉक्टर नायलॉनचा एक जाड धागा पायाला दहा ठिकाणी टेकवून विचारतात, "आजी, कळतंय?" ती नऊ ठिकाणी गप्प असते. पायातली चप्पल निसटलेली तिला कळत नाही. मागच्या पावसाळ्यात टाचेत काटा मोडला, तो चार दिवस तसाच होता. चादरीवर डाग दिसला म्हणून समजलं. त्यानंतर रोज रात्री कुणीतरी तिचे पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसकट पाहायचे असं ठरलं. कुणीतरी म्हणजे मी नाही. मी इथे आहे.

मुलाला आजीची गोष्ट माहीत होती. हातमोज्यांचा विषय तो विसरला नव्हता. एके दिवशी म्हणाला, "आई, दोन जोड्या घेतल्या तर? एक आजीला पाठवू. मग मी इथून तिचा हात पकडेन आणि तिला तिकडे कळेल. तुला पण." खेळण्यासाठी केलेली मखलाशी होती ती, पण पूर्ण मखलाशीही नव्हती. आणि मला मोह झाला, हे कबूल करायला हवं. या वर्षी माझी रजा होत नव्हती. आईचा हात हातात घेऊन सव्वा वर्ष झालं होतं.

मी स्वतःशी वाद घातला. फोनवरचा आईचा आवाज मला खोटा वाटत नाही. आखातात आलेल्या पहिल्या पिढीतले लोक कॅसेटवर आवाज भरून घरी पाठवायचे, त्या कॅसेट घरच्यांनी छातीशी धरल्या. मग हातमोज्यातून आलेला दाब तेवढा खोटा का? माझं उत्तर असं की आवाज आणि रूप मुळातच अंतर पार करून येतात. आई अंगणातून हाक मारायची ती मला आत ऐकू यायचीच. फोनने ते अंगण मोठं केलं. स्पर्शाला अंगण नाही. तो अंतर संपल्यावरच सुरू होतो. अंतर न संपवता स्पर्श मिळाला, तर अंतर संपवण्याची ओढ किती दिवस टिकेल? मी मला ओळखते. हातमोजे असते तर पुढच्या वर्षीही रजा झाली नसती.

हे उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. जिला अंथरुणावरून उठता येत नाही, जिचा मुलगा व्हिसाच्या कागदांत अडकला आहे, तिला रात्री हातावर एक दाब कळला तर तो खोटा आहे हे सांगणारी मी कोण? शस्त्रक्रियेच्या यंत्रांचंही तेच. यंत्राच्या हातांनी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कितीतरी वर्षं पेशींचा ताण फक्त डोळ्यांनी ओळखत आले. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दा विंची यंत्रात तो ताण हाताला कळायची सोय २०२४च्या सुमारास आली. तिथे यंत्राच्या दुसऱ्या टोकाला खरं माणूस आहे आणि चूक झाली तर त्याला लागणार आहे. तो हातमोजा मला चालेल.

पण वाद घालता घालता माझ्या ध्यानात आलं की मी हातमोजा कधीचाच विकत घेतला आहे. आईचे पाय रोज रात्री ज्या धुतात त्या बाईंना मी दर महिन्याला पैसे पाठवते. त्यांचे हात माझ्या जागी आहेत. त्या न आल्या तर मी दुसरे हात शोधेन. माझ्या लहानपणी याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा होता, मागच्या दाराशी कोनाड्यात पालथा. आईनेच ठेवलेला. आता आईच्या अंगाला दिवसभरात जो काही माणसाचा हात लागतो, तो बहुतेक वेळा अशाच एका हाताचा असतो. आई त्यावर काही बोलत नाही. मी विचारलेलं नाही. त्या बाईंना त्यात काय लागतं, हेही मी कधी विचारलं नाही, फक्त पैसे वेळेवर जातात ना एवढं बघते. यंत्राच्या हातमोज्याला निदान दुसरीकडे स्वतःचं घर आणि स्वतःची म्हातारी सासू नसते.

रजेचा अर्ज मी पुन्हा दिला आहे. बघू.

काल रात्री सूरच्या आठ वाजता, म्हणजे तिकडे साडेनऊला, व्हिडिओ कॉल लावला. बाईंनी आईचा पाय मांडीवर घेतला होता. मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. दिवसा अंगणात तिच्या पायावर पाट पडल्याचं त्याने ऐकलं होतं.

"आजी, लागलं का गं?"

"काही नाही लागलं रे बाप्पा," आई म्हणाली.

बाईंचा अंगठा टाचेवरून करंगळीकडे फिरत होता, तो एका जागी थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच आला. मला पडद्यावर काही दिसेना, नुसतं पिवळट कातडं.

"ताई," बाई म्हणाल्या, "इथं कडक लागून राहिलं हाताले. उद्या डॉक्टरले दाखवून आणतो."